कुणाच्या वतीने?

पुण्याच्या कोणत्याही चौकात क्षणभर उभे राहून खांबांवरचे फलक वाचले, तर एक शब्द हमखास भेटतो. 'समस्त नागरिकांच्या वतीने', 'तमाम भगिनीवर्गाच्या वतीने', 'प्रभागातील सर्व रहिवाशांच्या वतीने हार्दिक अभिनंदन'. मी त्याच प्रभागात गेली पस्तीस वर्षे राहतो. आपण कुणाचे तरी हार्दिक अभिनंदन केले आहे, ही वार्ता मला तो फलक वाचूनच कळते. पुणेकराचा स्वभाव असा की, अशा वेळी तो रागावत नाही. घरी येऊन चार माणसांना ती गोष्ट रंगवून सांगतो, आणि विसरून जातो. मीही तसाच विसरत आलो होतो. पण काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि 'वतीने' हा शब्द मला हसण्यावारी नेता येईना.

मी शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर काहीतरी लोकोपयोगी करावे म्हणून मतदारनोंदणीच्या कामात लक्ष घालू लागलो. २०१९ ची लोकसभेची निवडणूक यायची होती. आमच्या गल्लीत कचरा न्यायला येणाऱ्या एक बाई आहेत. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईलच. मराठवाड्यातले त्यांचे गाव. १९७२ च्या दुष्काळात आईबापांच्या बोटाला धरून त्या पुण्यात आल्या आणि येथल्याच झाल्या. येथे त्यांचे लग्न झाले, मुले झाली, नवरा गेला. पण मतदारयादीत नाव मात्र सासरच्या गावी. दर निवडणुकीला गावाहून जीप यायची आणि त्या गावाला जाऊन यायच्या. मला हे विपरीत वाटले. जे शहर या बाईच्या हाताने रोज स्वच्छ होते, त्या शहराच्या कारभारात तिला मत नाही! मी त्यांच्याकडून आधारपत्र आणि जुने मतदार ओळखपत्र मागून घेतले, अर्ज भरला, जुन्या ठिकाणाचा तपशील त्यात लिहिला, अंगठा घेतला आणि अर्ज दिला. यथाकाल पुण्याच्या यादीत त्यांचे नाव आले. मी त्यांना पेढा दिला. त्यांनी तो पदराला बांधला.

पुढे त्यांच्या गावी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. नेहमीप्रमाणे जीप आली, बाई गावाला गेल्या, आणि यादीत नाव नाही म्हणून परत आल्या. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. तेथून नाव उडाले की येथूनही उडते. हे मला माहीत होते. दुसऱ्या दिवशी त्या कचरा न्यायला आल्या, तेव्हा मीच विषय काढला. त्या रागावल्या नव्हत्या. बादली रिकामी करता करता म्हणाल्या, "तुमी लिवलं ते बराबरच आसंल, सर. पर मला इचारलं न्हाई."

मी म्हणालो, "मावशी, अहो, पण तुम्ही राहता इथे!"

"ऱ्हाते हितंच की. पर गावात माझं नाव तेवढ्या एकाच कागदावर हुतं."

मग हळूहळू सगळे उलगडले. सासरची दोन एकर जमीन होती. नवऱ्याच्या पश्चात ती दिरांच्या ताब्यात होती आणि सातबाऱ्यावर बाईंचे नाव कधीच चढले नव्हते. त्या गावात, त्या घराण्यात, आपण आहोत याची खूण म्हणून त्यांच्याजवळ एकच होते: दर पाच वर्षांनी शाळेच्या खोलीत कुणीतरी मोठ्याने त्यांचे नाव पुकारायचे आणि सगळ्या गावादेखत त्या पुढे व्हायच्या. कायद्याच्या दृष्टीने हा काही मालकीचा पुरावा नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु गावाच्या दृष्टीने तो होता. तो मी, त्यांच्या हितासाठी, त्यांच्या वतीने, खोडून टाकला होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कायदा माझ्या बाजूचा होता. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस जेथे 'सामान्यतः रहिवासी' असेल तेथेच त्याचे नाव नोंदले जाते, आणि एकाहून अधिक मतदारसंघांत नोंदवता येत नाही. बाई पन्नासाहून अधिक वर्षे पुण्याच्या रहिवासी आहेत. तेव्हा मी केले ते नियमाला धरून होते, हेतूही वाईट नव्हता. आणि तरीही मी अन्याय केला, ही जाणीव मला सोडीना. बरोबर गोष्ट चुकीच्या रीतीने केली, एवढेच म्हणून भागत नाही. ती रीत हीच येथे मूळ गोष्ट होती. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळतो, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडला आहे.

हा प्रश्न पुण्याला नवा नाही. किंबहुना पुण्याइतका हा प्रश्न ज्या गावात घासला गेला असेल अशी गावे थोडीच. २ एप्रिल १८७० रोजी येथे सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे तिचे प्रवर्तक. सरकारदरबारी लोकांची गाऱ्हाणी मांडणे हे सभेचे काम. पण या सभेने स्वतःवर एक अट घालून घेतली होती, ती आजच्या फलकवाल्यांनी जरूर वाचावी. सभासद व्हायचे असेल तर निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा नियम होता. पंचाण्णव सभासदांनी आरंभ झाला आणि त्यांच्या पाठीशी सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. हिंदुस्थानात निवडणूक हा शब्द रुळायच्या आधीची ही गोष्ट आहे. 'तुम्ही कोण बोलणार?' असे कुणी विचारलेच, तर खिशातून कागद काढून दाखवण्याची ही तयारी होती.

मुखत्यारपत्र हा शब्द कोर्टकचेरीचा, रूक्ष आहे. पण त्यात नीतीचे पुष्कळ शहाणपण साठवलेले आहे. मुखत्यारपत्र दिले जाते; घेतले जात नाही. ते एखाद्या कामापुरते असते. सबंध माणूस लिहून दिला जात नाही. देणाऱ्याला ते परत घेता येते. आणि ज्याच्या नावे ते दिले त्याला केलेल्या कामाचा हिशेब द्यावा लागतो. या चार गोष्टींवर मी माझे परोपकाराचे कृत्य घासून पाहिले. बाईंनी मला अंगठा दिला होता, पण कशासाठी ते मी नीट सांगितले नव्हते. मी विश्वासाचा उपयोग संमतीसारखा केला होता. परिणाम सांगितला नव्हता, म्हणजे परत फिरायला वाव ठेवला नव्हता. आणि हिशेब? तो मी पेढ्याने चुकता केला होता.

मात्र हा मुखत्यारपत्राचा विचार फार ताणला तर भलतीकडेच नेतो, हेही पाहिले पाहिजे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांना कोणत्या मुलींनी मुखत्यारपत्र दिले होते? त्या पोरींना विचारले असते तर त्या भेदरून आईच्या पदराआड गेल्या असत्या; आयांना विचारले असते तर त्यांनी घरधन्याकडे बोट दाखवले असते; आणि घरधन्याला विचारले असते तर काय उत्तर मिळाले असते, ते सावित्रीबाईंच्या अंगावर पडलेल्या शेणमातीने सांगितलेच आहे. ज्यांचा आवाज दाबलेला आहे त्यांच्या संमतीची वाट पाहत बसणे, म्हणजे दाबणाऱ्याच्याच संमतीची वाट पाहणे होय. तेव्हा 'ज्याचे दुःख त्यानेच बोलावे, इतरांनी गप्प राहावे' हा जो एक युक्तिवाद केला जातो, तो दिसतो मोठा नम्र, पण पुष्कळदा तो आळशी माणसाच्या फार सोयीचा असतो. शेजारच्या घरात बाईला मार बसत असताना 'तिने मला वकीलपत्र दिलेले नाही' असे म्हणून खिडकी लावून घेणाऱ्याला आपण विनयशील म्हणणार नाही.

मग फुल्यांचे वागणे आणि माझे वागणे यांत फरक कोणता? दोघांनीही न विचारता केले. हा फरक मला सापडेपर्यंत बरेच दिवस गेले, आणि तो मला सापडला तो एका शाळकरी मुलीच्या निबंधात. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापला गेला. शाळा निघाल्यापासून सात वर्षांच्या आत, जिच्या वतीने कुणीतरी बोलावे लागत होते त्या वर्गातली एक मुलगी स्वतः बोलू लागली. आणि तीही गुरूने पढवलेले नव्हे, तर धर्मालाच जाब विचारणारे. फुल्यांनी मुलींच्या तोंडी आपले शब्द घातले नाहीत. त्यांना अक्षरे दिली. अक्षरे एकदा दिली की त्यांचे शब्द कोणते होतील, यावर देणाऱ्याची सत्ता राहत नाही. मी मात्र बाईंना अक्षर दिले नव्हते. त्यांच्या कागदावर माझे अक्षर उमटवले होते.

याच पुण्याभोवती १८८२ हे वर्ष मोठे विलक्षण गेले. स्त्रियांच्या प्रश्नावर तोवर सभा भरत, व्याख्याने होत, पुरुष पुरुषांशी तावातावाने भांडत. सनातनी एका बाजूला, सुधारक दुसऱ्या बाजूला, आणि जिच्याविषयी हे चालले होते ती माजघरात. त्या वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिकांची आणि स्त्री-डॉक्टरांची मागणी केली. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक पुण्यात छापले गेले. या दोन बायकांनी जे सांगितले ते त्यांच्या बाजूच्या सुधारकांनाही सर्वस्वी रुचले असे नाही. रमाबाई पुढे ख्रिस्ती झाल्या आणि त्यांचे गोडवे गाणाऱ्यांतल्या अनेकांनी तोंड फिरवले. ज्याच्या वतीने आपण बोलतो तो स्वतः बोलू लागला की बहुधा आपल्याला अपेक्षित होते ते बोलत नाही. वतीने बोलणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची खरी परीक्षा त्या क्षणी होते. आपले अशील आपल्या विरुद्ध बोलले तर आपण आनंदाने बाजूला सरकतो, की 'हिला काय कळते?' असे म्हणतो?

मताच्या हक्काची कहाणीही अशीच आहे. १९१९ च्या सुधारणांच्या वेळी साऊथबरो समितीने हिंदी स्त्रियांना मत द्यायचे नाकारले; आमच्याकडे पडदा आहे, स्त्रिया निरक्षर आहेत, समाजाला हे रुचणार नाही, अशी समाजाच्या वतीने कारणे पुढे आली. हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन या त्या साली लंडनला जाऊन स्त्रियांची बाजू मांडून आल्या. इकडे पुण्यात रमाबाई रानडे या मागणीच्या अग्रभागी होत्या. अखेर निर्णय प्रांतांवर सोपवला गेला आणि मद्रासच्या पाठोपाठ १९२१ मध्ये मुंबई इलाख्याने स्त्रियांना मत दिले; अर्थात पुरुषांप्रमाणेच मालमत्तेची अट होती, आणि स्त्रीच्या नावावर मालमत्ता असते किती? १९३५ च्या कायद्याने त्यावर तोड काढली, ती पाहण्यासारखी आहे. पात्र पुरुषाची पत्नी किंवा विधवा म्हणूनही स्त्रीला मत मिळू लागले. म्हणजे स्त्री माणूस म्हणून मतदार नव्हे. ती कुणाची तरी कुणीतरी म्हणून मतदार. मत तिचे, पण त्याचे मूळ दुसऱ्याच्या उंबऱ्यात.

हा उंबरा स्वतंत्र हिंदुस्थानात ओलांडला गेला. घटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढाला, लिंग, जात, शिक्षण, मालमत्ता काही न पाहता, मत दिले. पण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी करायला कारकून दारोदार गेले, तेव्हा उत्तरेकडच्या कित्येक प्रांतांत बायकांनी आपली नावेच सांगितली नाहीत. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको', एवढेच. परक्या पुरुषाला नाव सांगायचे नाही अशी रीत होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की नाव हा ओळखीचा गाभा आहे; स्वतःचे नाव दिल्याशिवाय यादीत नोंद नाही. देशात त्या वेळी स्त्री मतदार सुमारे आठ कोटी होत्या. त्यांतल्या जवळजवळ अठ्ठावीस लाख स्त्रियांची नोंद या कारणाने वगळावी लागली.

सेन यांचा हा निर्णय बरोबर होता काय? मी या प्रश्नापाशी पुष्कळ वेळ थांबतो. 'बायको' म्हणून यादीत घातले असते तर त्या बाईला १९५२ मध्ये मत मिळाले असते. पण ते १९३५ चेच मत झाले असते. सेन यांनी तिला जणू सांगितले की, तुझ्या वतीने तुझा नवरा नाव सांगणार नाही. तू सांग, नाहीतर थांब. पुढच्या निवडणुकांत त्यांतल्या बऱ्याच जणी नावे सांगू लागल्या, असा अनुभव आला. परिणाम पाहता आयुक्त बरोबर ठरतात. पण त्या पहिल्या वेळी ज्यांचे मत हुकले त्यांना कुणी विचारले होते? स्वाभिमान शिकवण्यासाठी हक्क रोखून धरणे, हेही एका अर्थाने दुसऱ्याच्या वतीने घेतलेले निर्णयच आहेत. मला वाटते, सेन यांचा निर्णय योग्य होता. पण त्याची किंमत ज्यांनी मोजली त्या निर्णय घेणाऱ्या नव्हत्या, हे विसरून त्याचे गुणगान करू नये. योग्य निर्णयालाही देणेकरी असतात.

आपल्याकडे नावाचा गुंता आणखी वेगळा. आमच्या मराठी बाईने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, घ्यायचेच तर उखाण्यात. आणि तिचे स्वतःचे नाव लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून बदलले जायचे. माझ्या आईला माहेरी एका नावाने हाक मारीत आणि सासरी दुसऱ्या. यादीत दुसरे होते. यांतले तिचे कोणते, असे मी तिला कधी विचारले नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव आणि मग वडिलांचे, असा नियम महाराष्ट्र सरकारने केला आहे. चांगले झाले. पण सेन यांच्या कारकुनांना न सांगितलेल्या नावांपासून येथवर यायला आपल्याला सत्तर वर्षे लागली.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न पुण्यात सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो येरवड्याच्या तुरुंगात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे एक मूलभूत मुद्दा मांडला होता: सभागृहात केवळ मते मांडली जाणे पुरेसे नाही, ज्यांची ती मते आहेत ती माणसेही तेथे असली पाहिजेत. २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात सायमन आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. गोलमेज परिषदेत गांधीजींचे म्हणणे असे की, अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व मीही करतो. त्यांच्या कळकळीविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु कळकळ आणि अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आंबेडकरांचे उत्तर होते. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा आला, २० सप्टेंबरला उपोषण सुरू झाले, २४ सप्टेंबरला पुणे करारावर सह्या झाल्या. प्रांतिक कायदेमंडळांतल्या एकाहत्तर जागांच्या ऐवजी एकशे अठ्ठेचाळीस जागा मिळाल्या, पण विभक्त मतदारसंघ गेले. अंतिम निवड सर्वांच्या मतांनी व्हायची ठरली. जागा वाढल्या, पण त्या जागेवर बसणारा शेवटी कुणाच्या पसंतीने बसणार? डॉ. आंबेडकरांनी या पद्धतीविषयीचे असमाधान पुढे अनेकदा व्यक्त केले. त्या वादाचा निवाडा मी येथे करणार नाही. माझा तेवढा अधिकारही नाही. पण ज्याला दुसऱ्याच्या वतीने बोलायचे आहे त्याने येरवड्याची ती आंब्याच्या झाडाखालची खाट एकदा डोळ्यांपुढे आणावी. उपोषण करणाऱ्याचे प्रेम आणि सही करणाऱ्याची कोंडी, दोन्ही एकाच वेळी खरी होती. प्रेमाचा भार ज्याच्यावर पडतो त्याला 'नाही' म्हणणे द्वेषापेक्षा अवघड जाते. माझ्या मावशींनी पेढा पदराला बांधला, तोही त्यामुळेच असेल.

आता याच शहरात, याच बायकांच्या बाबतीत, दुसऱ्या रीतीने वागलेली माणसेही आहेत. तेही सांगितले पाहिजे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या नव्वदीच्या सुमारास कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये साक्षरतेचे काम करायला गेल्या. त्यांनी त्या बायकांबरोबर हिंडून पाहिले. तेव्हा असे दिसले की, बायकांना पहिल्याने हवी होती ती बाराखडी नव्हे. ओला-सुका वेगळा केलेला कचरा घराघरांतून थेट हाती यावा, कुंडीत हात घालावा लागू नये, ही त्यांची मागणी होती. कार्यकर्त्यांनी आपला कार्यक्रम बाजूला ठेवला. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या अध्यक्षतेखाली मेळावा होऊन कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिने सभासदांना ओळखपत्रे दिली आणि पुणे महानगरपालिकेने त्यांना मान्यता दिली. पोलिसाने हटकले, सोसायटीच्या पहारेकऱ्याने चोर म्हटले, तर दाखवायला छायाचित्रासह स्वतःचे नाव असलेला कागद आला. पुढे या बायकांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलायला घेतला. माझ्या मावशींच्या गळ्यात जे पत्र असते, ते त्या परंपरेतले. रोज पाहत असूनही मी ते कधी वाचले नव्हते.

स्थलांतर करणाऱ्या माणसाच्या वतीने आज फार जण बोलतात. 'भूमिपुत्रां'च्या वतीने त्याला हाकलणारे आहेत, आणि त्याच्याच वतीने त्याला इथला करून टाकणारे माझ्यासारखे आहेत. दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात: माणूस एकाच ठिकाणचा असतो. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतो तो उन्हाळ्यात परततो. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले ते नेमके गळीत हंगामाच्या तोंडावर. असा माणूस सामान्यतः कोठला रहिवासी? इकडे आमच्या पेठांतली मुले अमेरिकेत आहेत. २०१० च्या दुरुस्तीने परदेशस्थ नागरिकाला गावच्या यादीत नाव ठेवता येते, पण मत द्यायला मात्र विमानाने येथे यावे लागते. देशातल्या देशात स्थलांतर करणाऱ्यांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा नमुना निवडणूक आयोगाने २०२३ च्या आरंभी राजकीय पक्षांपुढे ठेवला होता. त्यावर एकमत झाले नाही. यंत्र येईल न येईल. पण कागदावर एकच घर असलेल्या माणसाची मनात दोन गावे असू शकतात, हे कायद्याला कळले नाही तरी त्याच्या वतीने बोलणाऱ्याला कळले पाहिजे. हाच प्रश्न राखीव जागांनी निवडून आलेल्या स्त्रियांचा. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. कित्येक ठिकाणी खुर्चीवर बाई आणि शेजारच्या खुर्चीवर तिच्या वतीने बोलणारे 'सरपंचपती'. त्यांना आपण हसतो. पण 'तिला कळत नाही म्हणून मी बोलतो' हे त्यांचे वाक्य आणि माझे मनातले वाक्य यांत अक्षराचाही फरक नव्हता.

मग निष्कर्ष काय? दुसऱ्याच्या वतीने बोलूच नये असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर लहान मूल, वेडा, आजारी, तुरुंगातला, दूरदेशी अडकलेला मजूर, यांना कुणीच उरणार नाही. मी एवढेच म्हणतो की, असे बोलणे हे उसने घेतलेले असते, आणि उसन्याची लाज आपल्याला असली पाहिजे. विचारता येत असेल तर आधी विचारावे. विचारता येत नसेल तर बोलावे, पण विचारता येईल असा दिवस लवकर यावा म्हणून बोलावे. आणि तो दिवस आला की गप्प बसावे. आपल्या बोलण्याने समोरच्याचा आवाज वाढला की आपली गरज वाढली, एवढे प्रत्येकाने वर्षाकाठी एकदा, लक्ष्मीपूजनाला वही उघडतो त्याप्रमाणे, स्वतःशी तपासून पाहावे.

आपल्या निवडणुकीच्या नियमांत एक लहानसा नियम आहे. मला तो या विषयावरचे उत्तम भाष्य वाटतो. अंध किंवा अपंग मतदाराला स्वतः कळ दाबता येत नसेल तर त्याला मतदानकक्षात एक सोबती नेता येतो. सोबत्याची निवड मतदाराने करायची. एका माणसाने एका दिवशी एकाहून अधिक मतदारांचा सोबती व्हायचे नाही. आणि त्याने लेखी निवेदन द्यायचे की, या मतदाराच्या वतीने नोंदवलेले मत मी गुप्त ठेवीन. त्याने आपला हात द्यायचा. मत द्यायचे नाही. एकाचा हात एकालाच द्यायचा, घाऊक नाही. आणि बाहेर येऊन चौकात फलक लावायचा नाही. हा नियम ज्याने लिहिला, त्याला दुसऱ्याच्या वतीने वागण्याचा अर्थ पुरता कळला होता.

मावशींना मी विचारले, "नाव पुन्हा गावाकडे लावायचे का?" खरे तर कायद्याने ते आता करता येणार नाही, हेही सांगितले. या वेळी सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पर त्या जमिनीचं काय करता येतं, ते मला सांगाल का? मीच जाईन तलाठ्याकडं. तुमी निस्तं सांगा." तेव्हापासून आम्ही वारसनोंदीच्या कामाला लागलो आहोत. कागद मी वाचून दाखवतो. तलाठ्यापुढे त्या बोलतात. एकदा मी मध्ये बोललो, तर त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. मी थांबलो.

हा लेख लिहिताना त्यांना मी सांगितले की, तुमच्याविषयी लिहितो आहे, नाव घालू का? त्या म्हणाल्या, जमिनीचं व्हईस्तवर नगं. म्हणून त्यांचे नाव येथे नाही.